साताऱ्याच्या माळावरून रोझेट तेजोमेघ: पहिल्या रात्री कामाचा क्रम कसा ठेवाल

दर हिवाळ्यात लोक मला त्याच त्या तऱ्हेचे फोटो दाखवतात. एकात तारे भोपळ्याच्या बीसारखे लांबट झालेले, दुसऱ्यात सगळं आकाश दुधाळ, तिसऱ्यात मधोमध लालसर डाग आणि चारी कोपरे काळे. प्रश्न मात्र ठरलेला: "कॅमेरा बदलू का?" कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. ध्रुव आधी साधला (म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखला) आणि लेन्स मागून चढवली, फोकस केला आणि मग झूमला हात लागला, फ्लॅट्स (काळे कोपरे आणि धुळीचे डाग घालवायला काढतात त्या कोऱ्या पांढऱ्या फ्रेम) दुसऱ्या दिवशी घरी काढल्या. प्रत्येक काम आपापल्या जागी नीट झालेलं असतं, पण पुढच्याने मागचं पुसून टाकलेलं असतं.

सामान साधंच धरून चाललो आहे: आतला फिल्टर न काढलेला नेहमीचा डीएसएलआर, ५५-२५० मिमीची झूम लेन्स, भक्कम ट्रायपॉड, स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र) आणि इंटरव्हॅलोमीटर (ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढणारा रिमोट). ट्रॅकर नसेल तर रोझेटच्या, म्हणजे मोनोसेरोस तारकासमूहातल्या या अंधुक लाल वायूढगाच्या नादी लागू नका. २५० मिमीवर, ट्रॅकर नसताना, एका सेकंदात तारा पाचेक पिक्सेल सरकतो. तेवढ्या उघडझापीत या तेजोमेघाचा मागमूसही लागत नाही.

## १. लक्ष्य आणि रात्र ठरवा

मृगातला एम ४२ हा ठळक तेजोमेघ सोपा आहे, तो नवशिक्याच्या बऱ्याच चुका पोटात घालतो. रंगीत तालीम त्याच्यावर जरूर करा. रोझेट चुका लपवत नाही, म्हणून शिकायला तोच बरा. आकाशात तो सव्वा अंशाहून थोडा मोठा पसरला आहे, म्हणजे पौर्णिमेच्या अडीच चंद्रांएवढा. एपीएस-सी सेन्सरवर (नेहमीच्या डीएसएलआरमधला मध्यम आकाराचा सेन्सर) २५० मिमीची चौकट साधारण पाच अंश बाय साडेतीन अंशांची असते. तिच्यात तो ऐसपैस बसतो आणि थोडी नेमचूक झाली तरी बाहेर जात नाही.

अडचण आहे रंगाची. याचा बराचसा प्रकाश हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद लाल रेषेत येतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातला सेन्सरपुढचा फिल्टर नेमका तोच लाल अडवतो. ढोबळमानाने चौथा हिस्सा आत पोचतो. ही तूट आयएसओ वाढवून भरून निघत नाही, एकूण वेळ वाढवूनच भरावी लागते. अंधाऱ्या जागेवरून अडीच-तीन तास मिळणार नसतील तर त्या रात्री एम ४२ वरच समाधान माना.

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध. जानेवारीच्या मध्यात रोझेट रात्री साडेअकराच्या सुमारास मध्यमंडलावर (म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर, सगळ्यात उंच) येतो, फेब्रुवारीच्या मध्यात साडेनऊच्या सुमारास. जानेवारीत रात्री आठपासून अडीच-तीनपर्यंत काम करता येतं. मार्चअखेर अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेकडे झुकू लागलेला असतो, सलग तीन तास चांगली उंची मिळत नाही.

दिनदर्शिका बघून अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा दिवसांतली रात्र धरा. अष्टमीचा चंद्रसुद्धा मावळेपर्यंत निम्मी रात्र खातो.

तपासणी: स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं गाव आणि तारीख टाकून रोझेट ३० अंशांच्या वर किती वाजता येतो ते बघा. त्याआधीचे फोटो धरायचे नाहीत.

## २. जागा: नुसता अंधार पुरत नाही

पहिल्या रात्री बहुतेकांची गाडी कासच्या रस्त्याला लागते. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते वनखात्याच्या अखत्यारीत येतं. परवानगीवाचून रात्री तिथे उतरू नका, फुलांचा हंगाम नसला तरी. त्या बाजूला गव्यांचा वावरही आहे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार मोकळं आणि अंधारं आहे खरं, पण पवनचक्क्या उगाच तिथे उभ्या केलेल्या नाहीत. वाऱ्याचा एक झोत आला की ९० सेकंदांची फ्रेम गेली. तिथे जायचंच असेल तर ट्रायपॉड गाडीच्या आडोशाला, पाय न उंचावता लावा.

माझी पसंती पूर्वेला, माण-खटावच्या माळाला. हवा कोरडी, दव कमी आणि क्षितिज मोकळं. सांगलीकरांना जत-आटपाडीकडे हेच मिळतं. कृष्णाकाठ मात्र टाळा. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलेलं असतं, आणि थंडीत रात्री तो धूर वर न जाता खोऱ्यातच बसून राहतो. डोळ्यांना आकाश स्वच्छ वाटतं, फोटोत मात्र राखाडी पडदा येतो. कराड, कोरेगाव, वाळवा या पट्ट्यात असाल तर निदान एखाद्या टेकाडावर चढा.

जागा बघताना उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहाएक अंश झाकते, तेव्हा ध्रुवाची उंची दोन मुठींपेक्षा थोडी कमी. परदेशी व्हिडिओंतला ध्रुव छपराच्या वर असतो, आपला बाभळीच्या शेंड्यामागे किंवा डोंगराच्या कडेआड लपतो. सपाट, सुरेख जागा फक्त उत्तरेला डोंगर आहे म्हणून बाद करावी लागते, आणि हे अंधार पडल्यावर कळून उपयोग नाही.

गावाच्या दिव्यांची प्रभा कुठे आहे तेही बघा. रोझेट पूर्वेकडून माथ्यावर येतो आणि पश्चिमेला उतरतो. माणच्या बाजूला असाल तर साताऱ्याची प्रभा पश्चिमेला राहते, म्हणून मध्यरात्रीच्या आधीचे तास जास्त मोलाचे. बामणोलीकडे असाल तर उलटा हिशेब: प्रभा पूर्वेला, म्हणून उत्तररात्र बरी.

सावधान: दिवसा जाऊन शेतमालकाला विचारा. शेतीची वीज रात्रपाळीला असली की माणसं मोटर चालू करायला बॅटरी घेऊन येतात, आणि अंधारात अनोळखी गाडी दिसली की त्यांचा संशय रास्तच असतो. आधी बोलून ठेवलं तर तेच लोक बॅटरी खाली धरून जातात, वर चहाही विचारतात. एकट्याने जाऊ नका. उसाच्या फडाला लागून बसू नका, बिबट्या तिथेच असतो.

## ३. घरी करायची कामं

माळावर चुकणारी निम्मी कामं दिवाणखान्यात उजेडात होणारी असतात.

कॅमेऱ्याची मांडणी. रॉ फॉरमॅट, मॅन्युअल, बल्ब, आयएसओ ८०० किंवा १६००, व्हाइट बॅलन्स डेलाइट. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आपली स्वतःची डार्क (उजेड न घेता काढलेली काळी फ्रेम) काढत बसतो आणि निम्मी रात्र वाया जाते. लेन्सवरचं ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर दोन्ही बंद. ट्रॅकरवर चालू राहिलेला स्टॅबिलायझर स्थिर चौकट मुद्दाम हलवल्यासारखी हलवतो. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी.

इंटरव्हॅलोमीटर. ९० सेकंद उघडा, ५ सेकंद विश्रांती. काही उपकरणांत "इंटरव्हल" म्हणजे दोन फ्रेममधली विश्रांती, काहींत एका फ्रेमच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. दुसऱ्या तऱ्हेच्या उपकरणात ५ टाकले तर ते अडखळतं किंवा एकाआड एक फ्रेम गाळतं. घरी लेन्सला टोपण लावून दहा फ्रेम काढा आणि घड्याळाशी ताडून बघा.

बॅटरीचं दार. कॅमेऱ्याखाली ट्रॅकरवर बसवायची धातूची पट्टी लावली की बॅटरीचं झाकण उघडतं का? बऱ्याच जणांचं उघडत नाही, आणि ते रात्री एक वाजता कळतं. तेव्हा कॅमेरा उतरवावा लागतो आणि सगळी नेमबाजी मोडते. पट्टी पुढे सरकवून बघा, नाहीतर पॉवर बँकेवर चालणारी डमी बॅटरी घ्या.

अक्षांश. ट्रॅकरखालच्या वेजवरचा (ट्रॅकर ध्रुवाकडे कलता धरणाऱ्या तिरक्या पायावरचा) काटा १८ च्या किंचित खाली आणून ठेवा. सांगलीत १७ च्या किंचित खाली. आपल्या अक्षांशावर ट्रॅकर जवळजवळ आडवाच होतो, म्हणून काही वेजमध्ये प्रतिभाराची दांडी ट्रायपॉडच्या पायाला टेकते. अंगणात एकदा ट्रॅकर पूर्ण फिरवून बघा.

पिशवीत हे हवंच: लेन्सला गुंडाळायची दवरोधक हीटरपट्टी, दोन पॉवर बँका, बाहतिनोव्ह मास्क (फोकससाठी लेन्सपुढे लावायची खाचांची चकती), कागदी चिकटपट्टी, छोटी लेव्हल, पांढरा सुती कपडा, टॅब्लेट, आणि लाल जिलेटीन पेपर लावलेली बॅटरी. जिलेटीन पेपर दुहेरी लावा, एकेरीतून पांढरा उजेड झिरपतो. चटईही घ्या, ध्रुव साधताना जवळजवळ लोळावं लागणार आहे.

फिल्टरबद्दल हमखास विचारतात. हायड्रोजन-ऑक्सिजनचे दुहेरी पट्ट्यांचे फिल्टर हे आतला फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यावर, आणि गावात राहून काम करणाऱ्याला उपयोगी. साध्या कॅमेऱ्यात लाल आधीच अडलेला असतो, त्यात हा फिल्टर लावला की ९० सेकंदांत हाती काहीच लागत नाही. ते पैसे आधी हीटरपट्टीवर आणि पेट्रोलवर घाला.

## ४. माळावर: जोराची कामं आधी

इथला नियम एवढाच. ज्या कामात हाताचा जोर लागतो ते ध्रुव साधण्याच्या आधी. ध्रुव साधल्यावर स्क्रू आवळणं, वायर ओढणं, चिकटपट्टी दाबणं बंद.

१. मावळतीच्या आत पोचा. उत्तर बघून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेकडे ठेवा. पाय दगडावर किंवा कडक मातीवर हवेत, नांगरलेल्या ढेकळांत नकोत. रात्रभरात ते खचतात.

२. मधला दांडा वर काढू नका. लेव्हल लावून ट्रायपॉड सपाट करा. खाली पाण्याचा कॅन टांगा, पण तो जमिनीला किंचित टेकलेला असावा. लोंबकळता कॅन वाऱ्यात स्वतःच झोके घेतो.

३. वेज, ट्रॅकर, कॅमेरा, लेन्स, हूड, हीटरपट्टी, इंटरव्हॅलोमीटर, सगळ्या वायरी, सगळं आत्ताच चढवा. वायरींना ट्रॅकरभोवती फिरायला ढील ठेवा.

४. लेन्स ढोबळमानाने काक्षीकडे (मृगातला ठळक लालसर तारा, बीटलज्यूज) वळवून ट्रॅकरचा क्लच ढिला करा आणि समतोल बघा. पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली की दाते एकमेकांना टेकलेले राहतात.

तपासणी: क्लच ढिला असताना कॅमेरा सोडून बघा. भसकन खाली आला तर समतोल नाही. पूर्वेकडे अगदी सावकाश झुकला तर बरोबर.

## ५. फोकस, आणि झूमची घसरगुंडी

फोकस काक्षीवर करा. रोझेटपासून तो एका मुठीच्या अंतरावर आहे, त्यामुळे नंतर कॅमेरा फार हलवावा लागत नाही.

आधी झूम. रोझेट माथ्यावर येतो तेव्हा साताऱ्यातून त्याची उंची सुमारे ७७ अंश असते, म्हणजे लेन्स जवळजवळ सरळ वर बघते. अशा वेळी ५५-२५० ची पुढची नळी स्वतःच्या वजनाने हळूहळू आत सरकते. पाच-दहा मिनिटांत काही दिसत नाही. तासाभराने तारे फुगलेले असतात आणि माणूस दवाला दोष देत बसतो. म्हणून झूम २५० वर नेऊन नळीच्या आणि कड्याच्या सांध्यावर चिकटपट्टीचे दोन पूर्ण वेढे द्या, आणि मगच फोकसला हात घाला. उलटं केलंत तर पट्टी दाबताना फोकस बिघडलाच म्हणून समजा.

आता बाहतिनोव्ह मास्क लावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि काक्षी मधोमध आणा. ताऱ्यातून तीन रेघा निघतात. दोन रेघांची फुली होते आणि तिसरी त्यांच्या मधून जाते. फोकस चुकलेला असताना ही मधली रेघ फुलीच्या एका बाजूला सरकलेली असते. कडं अगदी कणभर फिरवा, हात काढा, थरथर थांबू द्या, मग बघा. रेघ बरोबर मधोमध आली की थांबा. तिथून पुढे जाऊन परत मागे आणण्याचा मोह होतो, पण स्वस्त लेन्सचं कडं मागे फिरताना थोडी उडी मारतं, त्यामुळे शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा. फोकसच्या कड्यालाही पट्टी लावा. पट्टी लावल्यावर रेघ पुन्हा बघा.

सावधान: मास्क काढला का? काढून खिशात ठेवा. तो तसाच राहिला तर प्रत्येक ताऱ्याला शिंगं फुटतात आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत.

छिद्र एफ ५.६ वर ठेवा. कोपऱ्यातले तारे फारच पसरत असतील तर ६.३.

## ६. ध्रुव साधणं

जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षींची वाट बघू नका, ते उशिरा उगवतात. शर्मिष्ठा वायव्येला चांगली वर असते, तिच्यावरून ध्रुव धरा. फोनचा कंपासही चालेल. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फक्त फोन गाडीपासून आणि ट्रायपॉडच्या लोखंडापासून दूर धरा.

ट्रॅकरमधल्या छोट्या ध्रुवदर्शी दुर्बिणीत ध्रुवतारा जाळीच्या केंद्रात आणायचा नसतो. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. त्या क्षणी तो वर्तुळावर कुठे असायला हवा ते फोनमधलं पोलर फाइंडरचं ॲप दाखवतं. ॲपमध्ये ठिकाण साताराच आहे ना, वेळ भारतीय आहे ना, आणि चित्र तुमच्या दुर्बिणीसारखं उलटं आहे ना, हे तिन्ही बघा. तिसरी गोष्ट सर्रास चुकते, आणि मग माणूस ध्रुव नेमका पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवतो.

आडवा आणि उभा स्क्रू आळीपाळीने, थोडा थोडा फिरवा. शेवटी आवळताना ध्रुव पुन्हा सरकतो. तो किती आणि कुठे सरकतो याचा अंदाज घेऊन तेवढा आधीच उलट बाजूला ठेवा. क्षितिजाजवळचा तारा असल्याने तो थरथरतो, धुरकटही दिसतो. अगदी केसभर नेमकेपणासाठी अर्धा तास घालवू नका. ९० सेकंदांच्या फ्रेमसाठी जाळीवर जवळपास बसला की पुरे.

ट्रॅकर चालू करताना दोन खटके बघा. गोलार्ध उत्तर आणि वेग ताऱ्यांचा. काही ट्रॅकरवर अर्धा वेग, चंद्राचा वेग, सूर्याचा वेग असे पर्याय शेजारीशेजारी असतात. अंधारात बोट एक घर पुढे गेलं की रात्र गेली.

## ७. रोझेट शोधणं

काक्षीपासून प्रश्वा (प्रोसियॉन) या ताऱ्याकडे रेघ ओढा. तिचा एक तृतीयांश ओलांडून थोडं पुढे आणि दीड अंश दक्षिणेला रोझेट आहे. त्याच्या पश्चिमेला दोनेक अंशांवर चौथ्या प्रतीचा एप्सिलॉन मोनोसेरोटिस हा तारा आहे, माणच्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेजोमेघ मात्र ना डोळ्यांना दिसणार, ना लाइव्ह व्ह्यूमध्ये. दिसतो तो त्याच्या पोटातला एनजीसी २२४४ हा तारकागुच्छ: सहा ताऱ्यांचा लांबट आयत. साध्या द्विनेत्रीतून तो ओळखायला शिका, पुढे सगळी नेमबाजी त्याच्यावरच.

चौकट बघायला आयएसओ ६४०० वर १५ सेकंदांची फ्रेम घ्या. आयत मधोमध आला की बॉलहेड हळूच आवळा. ध्रुवदर्शीतून परत एकदा बघा आणि हलला असेल तर स्क्रूने परत आणा. मग आयएसओ मूळ जागी. ६४०० तसंच राहून गेलेलं मी अनेकांचं पाहिलं आहे.

## ८. चाचणी फ्रेम

एक ९० सेकंदांची फ्रेम काढा. लगेच पुढे जाऊ नका. तीन गोष्टी बघा.

तारे: मध्यभाग आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळीकडे एकाच दिशेला लांबट असतील तर दोष ट्रॅकिंगचा. फक्त कोपऱ्यात आणि केंद्राकडे रोखलेले असतील तर दोष लेन्सचा, त्याला इलाज छिद्र कमी करणं. लांबटपणा पूर्व-पश्चिम असेल तर समतोल, वेगाचा खटका किंवा ट्रॅकरचे दाते बघा. उत्तर-दक्षिण असेल तर ध्रुव.

हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख): त्यातला डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला हवा, एकूण रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशावर. डावीकडे चिकटलेला असेल तर वेळ वाढवा, मध्याच्या पुढे गेला असेल तर कमी करा.

तेजोमेघ: एका फ्रेममध्ये तो जेमतेम जाणवतो, कधी अजिबात नाही. इथे धीर सुटतो आणि लोक आयएसओ वाढवतात. वाढवू नका.

तपासणी: ९० ला तारे लांबत असतील तर ध्रुव पुन्हा बघा. तरीही नाही जमलं तर ६० सेकंदांवर या आणि फ्रेमची संख्या वाढवा. लांबट तारे असलेल्या १०० फ्रेमपेक्षा गोल तारे असलेल्या १५० केव्हाही चांगल्या.

## ९. मुख्य फ्रेम

१०० ते १२० फ्रेम धरा, म्हणजे अडीच ते तीन तास. फ्रेम चौपट केल्या की गोंगाटाच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ होतं, दुप्पट केल्या तर दीडपटही नाही. म्हणून पहिल्या तासानंतर "आलं की" म्हणून आवरू नका.

हीटर पहिल्या फ्रेमपासून चालू ठेवा, दव पडल्यावर नाही. वर तोंड केलेली लेन्स सगळ्यात लवकर ओलावते, विशेषतः वारा पडला की. काचेवर बॅटरी मारून बघायची गरज नाही, फ्रेममध्येच कळतं: आधी ठळक ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं, मग अंधुक तारे एकेक करून नाहीसे होतात. तसं दिसलं तर काच पुसू नका. पुसलेल्या दवाचे ओघळ राहतात आणि पट्टीला धक्का लागून फोकसही जातो. हीटर वाढवून दहा मिनिटं थांबा, त्या फ्रेम बाद करा.

दर दहा-पंधरा फ्रेमनंतर इंटरव्हॅलोमीटर थांबवून ट्रॅकरच्या बटणाने चौकट जराशी, काही पिक्सेल सरकवा. सगळ्या फ्रेम एकाच जागी राहिल्या किंवा सावकाश एकाच दिशेने वाहत गेल्या तर सेन्सरचे डाग एका रांगेत येऊन चित्रभर तिरक्या रेघा उमटतात. त्या डार्क्सनीही पूर्ण जात नाहीत.

तासाभराने एकदा फोकस बघा. माणच्या माळावर जानेवारीत रात्र चढते तसा पारा भराभर उतरतो आणि लेन्स आक्रसते. फरक पडलेला दिसला तरच पट्टी सोडा.

गाडीपासून लांब राहा. रिमोटने लॉक केलं की इंडिकेटर चमकतात, दार उघडलं की आतला दिवा लागतो. थर्मास आणि शाल आधीच बाहेर काढून ठेवा.

## १०. आवरण्याआधी: फ्लॅट्स, मग डार्क्स, मग बायस

शेवटची फ्रेम झाली की पेंग आलेली असते आणि हात आपोआप लेन्सकडे जातो. थांबा. फोकस, झूम, छिद्र, हूड यांतलं काहीही हलवायच्या आधी फ्लॅट्स काढायच्या. कोपरे काळे येणं आणि सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं यांवर हाच एक उपाय आहे, आणि लेन्स एकदा हलली की तो हातचा गेला.

लेन्सच्या तोंडावर पांढरा सुती कपडा दुहेरी ताणून धरा, सुरकुती नको. त्यावर पांढरा स्क्रीन लावलेला टॅब्लेट ठेवा. मोड एव्ही (छिद्र तुमचं, वेळ कॅमेरा ठरवतो), आयएसओ तोच, हिस्टोग्राम मधोमध. वेळ फारच कमी येत असेल तर कपड्याची आणखी एक घडी घाला, नाहीतर टॅब्लेटच्या लुकलुकण्याचे पट्टे येतात. अशा २५-३० फ्रेम.

मग लेन्सला टोपण, व्ह्यूफाइंडरवर काळा कपडा, आणि त्याच ९० सेकंदांच्या, त्याच आयएसओच्या २० डार्क्स. या माळावरच, त्याच थंडीत. घरी उबेत काढलेल्या डार्क्समध्ये गोंगाट वेगळाच असतो, त्यामुळे त्या वजा करताना चित्र बिघडतं. डार्क्स चालू असताना बाकीचं सामान भरून घ्या. शेवटी सगळ्यात वेगवान शटरवर, टोपण लावूनच, ३० बायस (सेन्सरचा मूळ गोंगाट टिपणाऱ्या फ्रेम).

## ११. घरी: सिरिल

फ्रेम एकत्र करून चित्र घडवणारं सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. फ्रेम चार फोल्डरांत टाका: लाइट्स (रोझेटच्या मुख्य फ्रेम), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि स्क्रिप्टला हवी तशीच. त्याआधी लाइट्स एकेक करून डोळ्यांखालून घाला. विमान गेलेली फ्रेम राहू दे, रास लावताना (सगळ्या फ्रेम एकावर एक रचताना) ते निघून जातं. दवाच्या, हललेल्या आणि ढगाच्या फ्रेम मात्र काढा. मग रंगीत कॅमेऱ्यासाठीची ओएससी प्रीप्रोसेसिंग ही स्क्रिप्ट चालवा.

तयार चित्र उघडल्यावर ते काळंकुट्ट दिसतं. बघण्यासाठी ऑटोस्ट्रेच (अंधुक भाग आपोआप ताणून उजळ दाखवणं) लावा, पण लक्षात घ्या, तो फक्त चष्मा आहे, चित्र अजून काळंच आहे. इथेच फाइल साठवून "फोनवर काळी दिसते" म्हणणारे बरेच असतात.

पुढचा क्रम असा. आधी कडा कापा, सरकवलेल्या फ्रेममुळे तिथे पट्टे राहतात. मग पार्श्वभूमी काढा. सिरिल चित्रभर नमुन्याचे चौकोन टाकतं, त्यातले रोझेटवरचे आणि त्याच्या आसपासचे चौकोन एकेक करून पुसा. ते राहिले तर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच दिव्यांची प्रभा समजून वजा करतं. मग ताऱ्यांवरून रंग जुळवा. त्यासाठी फोकल लेंथ २५० आणि पिक्सेलचा आकार, २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण ३.७ ते ३.९ मायक्रॉन, भरावा लागतो. हिरवी झाक राहिली तर तीही इथेच काढा.

स्ट्रेच यानंतरच. आधी केलात तर पार्श्वभूमीचा उतार आणि चुकीचा रंग दोन्ही ताणले जातात आणि मागे फिरता येत नाही. एका दमात ताणू नका, तीन-चार छोट्या पायऱ्यांत करा आणि प्रत्येक पायरीला हिस्टोग्रामची डावी कड बघा. आकाश ठार काळं करायची हौस आवरा. रोझेटच्या बाहेरच्या पातळ पाकळ्या त्या काळ्याच्या जरासं वरच असतात, काळा बिंदू ओढला की आधी त्याच जातात. मधली पोकळी अंधारी असायला हवी, पण भोक पडल्यासारखी नको.

तारे फारच दाट वाटले तर स्टारनेट या सॉफ्टवेअरने ते वेगळे करा, तेजोमेघ थोडा उजळा आणि तारे परत बसवा. लाल रंग शेवटी, थोडाच वाढवा. साध्या कॅमेऱ्यातून आलेला रोझेट गुलाबीसर लाल असतो. तो टोमॅटोसॉससारखा भडक झाला म्हणजे आतली काळी धूळ आणि पाकळ्यांच्या कडा बुजल्या.

तपासणी: चित्र निम्म्या आकाराचं करून उजेडातल्या फोनवर बघा. लॅपटॉपवर रात्री जे सौम्य वाटतं ते तिथे हमखास अंधारलेलं निघतं.

रॉ फ्रेम पुसू नका. पुढच्या अमावास्येला त्याच जागी आणखी तीन तास मिळाले तर दोन्ही रात्रींच्या लाइट्स एकत्र लावता येतात. मात्र प्रत्येक रात्रीच्या लाइट्स त्याच रात्रीच्या फ्लॅट्सनी आधी वेगळ्या दुरुस्त करून घ्यायच्या आणि मगच दोन्हींची एक रास लावायची.